घरगुती बॉडी पेंट: रंग सोपा, बेस अवघड

बीट, हळद, पालक, कोको पावडर असं काहीबाही कॉर्नस्टार्चमध्ये कालवून अंगाला लावायचा रंग घरी बनवण्याच्या रेसिपी हल्ली खूप फिरतात. त्यामागचा इतिहास चाळला तर एक गोष्ट सारखी समोर येते. रंग शोधणं माणसाला फार आधी जमलं होतं, खरी डोकेफोड होती तो कातडीवर टिकवण्याची आणि नको तेव्हा काढून टाकण्याची.

रंग कालवून बनवल्याचा सगळ्यात जुना भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेतला. २००८ साली तिथे दोन मोठे शिंपले सापडले, आत गेरूचा लेप सुकलेला, सोबत वाटायचे दगड, आणि वय निघालं जवळपास एक लाख वर्षं! २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मजा अशी की त्यात नुसता गेरू नव्हता, हाडांचा चुरा आणि कोळसा पण होता आणि कसलं तरी द्रव घालून ते कालवलेलं होतं, हाडं तापवलेली दिसतात म्हणजे त्यांच्या आतल्या मज्जेतली चरबी मिळवायला ती घेतली असावीत असा संशोधकांचा अंदाज. तो लेप अंगाला लावायचे की आणखी कशाला हे त्या शिंपल्यांवरून ठरत नाही, पण पूड आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी, म्हणजे बेस, अशी जोडी तेव्हाच जमली होती. आजच्या रेसिपीतही तेच दोन भाग असतात.

गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड असलेली माती. तो उन्हाने उडत नाही, पाण्यात विरघळत नाही, जगभर सापडतो. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती लाल होते, म्हणजे एकाच मातीतून दोन शेड, वर कोळशाचा काळा आणि पांढऱ्या मातीचा पांढरा. ऑस्ट्रेलियातले आदिवासी समाज अंगावर काढतात ती चित्रं प्रामुख्याने याच चार रंगांची. नामिबियातल्या हिंबा जमातीच्या बायका लोण्यात गेरू कालवून, त्यात सुगंधी राळ घालून केसांना आणि सगळ्या अंगाला लावतात, त्याला ओत्जिझे म्हणतात. हे निव्वळ नटणं नाही बरं का, गेरू अतिनील किरण अडवतो हे प्रयोगांत दिसलंय, आणि कोरड्या हवेत लोण्याने कातडीही मऊ राहते.

आता दुसरी तऱ्हा. इथे रंग वर बसत नाही, कातडीतच मुरतो. मेंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य कातडीतल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं, म्हणून ती धुतली तरी जात नाही, वरची कातडी झडेल तशी फिकी पडते. अमेझॉनच्या जंगलात जेनिपा नावाचं झाड आहे, त्याच्या कच्च्या फळाचा रस लावताना जवळजवळ बिनरंगी असतो आणि काही तासांनी निळाकाळा होतो, कारण त्यातल्या जेनिपिनची कातडीतल्या प्रथिनांशी प्रक्रिया होते. तो दोनेक आठवडे राहतो. तिथलाच लाल रंग शेंदरी नावाच्या झुडपाच्या बियांचा, पण तो तेलात विरघळणारा, म्हणून तेलात किंवा चरबीत कालवून लावतात आणि तो पुसता येतो. म्हणजे एकाच अंगावर एक टिकाऊ रंग, एक तात्पुरता. मला तरी या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात हुशार जोडी वाटते.

निळ्या रंगाची कहाणी मात्र जरा फुगवलेली आहे. ब्रिटनचे लोक अंग निळं रंगवतात असं ज्युलियस सीझरने लिहून ठेवलं आणि पुढे सगळ्यांनी गृहीत धरलं की तो वोड या झाडाचा रंग. वोडमध्ये नीळ असते हे खरं, पण नीळ पाण्यात विरघळतच नाही, त्यामुळे नुसती पाण्यात कालवून लावली तर सुकल्यावर पापुद्रे निघणार. सीझरचा शब्द वोडसाठीच होता का यावरही अभ्यासकांचं एकमत नाहीये.

आणि नैसर्गिक म्हटलं की सुरक्षित, हे समीकरण तर इतिहासात कुठेच बसत नाही. इजिप्तमधल्या काजळात गॅलेना असायचं, ते शिशाचं खनिज. लाल रंगाचा हिंगूळ जमिनीतूनच निघतो आणि त्यात पारा असतो. युरोपात चेहऱ्याला लावायचा पांढरा लेप शिशाचा असायचा, शिसं आणि व्हिनेगर एवढ्यावर तो बनायचा, कारखाना वगैरे काही लागायचा नाही! लंडनच्या समाजात सौंदर्यासाठी गाजलेली मरिया गनिंग १७६० मध्ये ऐन तारुण्यात गेली, त्याचं खापर याच लेपावर फोडलं गेलं.

बदल आला तो नाटकवाल्यांमुळे. १८७३ मध्ये बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने शिसं नसलेल्या ग्रीसपेंटची कंपनी काढली, १९१४ मध्ये मेकअप बनवणाऱ्या मॅक्स फॅक्टरने सिनेमासाठी पातळ ग्रीसपेंट आणलं. चरबीत पूड कालवायची जुनीच कल्पना, फक्त कांडीत आणि डब्यात भरलेली. तोपर्यंत सिंथेटिक रंगही आले होते, विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचा जांभळा १८५६ चा. अमेरिकेत १९३० च्या दशकात पापण्यांच्या एका डायने बायकांचे डोळे गेले, त्यात पीपीडी नावाचं रसायन होतं, त्यानंतर १९३८ चा कायदा आला आणि कॉस्मेटिक्सवर पहिल्यांदा केंद्राचं नियंत्रण आलं. तेच पीपीडी आज काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या टॅटूंमध्ये सापडतं आणि कातडीवर फोड आणतं, साध्या मेंदीचा रंग कधीच काळा येत नाही.

लोक पुन्हा घरच्या रंगांकडे वळतात त्यामागे बऱ्याचदा अशी भीती असते, पण त्यात घेतात ते बहुतेक रंग खाण्यातले, आणि ते खनिजांसारखे टिकत नाहीत. बीटचा लाल उन्हात आणि उष्णतेने उडतो, हळदीचा पिवळा उन्हात फिका पडतो आणि साबणासारखं अल्कलाइन काही लागलं की लालसर होतो. शिवाय पाणी घालून बनवलेलं मिश्रण प्रिझर्वेटिव्ह नसल्यामुळे लवकर खराब होतं, फ्रिजमध्ये ठेवलं तरी थोडे दिवसच. माती वापरणाऱ्यांना ही अडचण नव्हती, गेरूचे खडे कोरडेच ठेवायचे आणि लावायच्या वेळी लागेल तेवढाच उगाळायचा.