रायफल मॅगझीनची अदलाबदल (वेगवेगळ्या बोअरची काडतुसं आणि एकच मॅगझीन)

एका बोअरच्या (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफलसाठी बनवलेलं मॅगझीन, म्हणजे काडतुसं भरायची स्प्रिंगवाली पेटी, दुसऱ्या बोअरची काडतुसं नीट भरून घेतं का आणि एकेक करून चेंबरपर्यंत (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) पोचवतं का, हा या नोंदीचा विषय. ठाण्यात कॉलेजात एनसीसी करणारी पोरं हमखास विचारतात की एके (एके-47) पण 7.62 मिमी आणि एसएलआर (आपल्याकडची जुनी सेल्फ-लोडिंग रायफल) पण 7.62, मग एकाचं मॅगझीन दुसऱ्याला का नाही बसत. तलावपाळीला किंवा स्टेशनबाहेर मोठा बंदोबस्त असला की जवानांच्या हातात एखादं केळ्यासारखं वाकडं मॅगझीन दिसतं, एखादं सरळ चौकोनी दिसतं, आणि तिथूनच हा प्रश्न डोक्यात शिरतो.

उत्तर असं की 7.62 हा आकडा पुढच्या गोळीचा आणि नळीचा, आणि मॅगझीनला त्या आकड्याशी जवळपास काहीच देणंघेणं नसतं. त्याला कळते ती पुंगळी, म्हणजे दारू भरलेली काडतुसाची धातूची नळकांडी. पुंगळीचं बूड किती रुंद, अख्खं काडतूस किती लांब, पुंगळी बुडाकडून तोंडाकडे किती निमुळती आणि बुडाला बाहेर आलेला काठ आहे की नाही, सगळा खेळ या चार गोष्टींवर. एकेचं काडतूस 7.62×39 (पहिला आकडा बोअर, दुसरा पुंगळीची लांबी, दोन्ही मिमीत), बूड साधारण 11.3 मिमी आणि लांबी 56 मिमी. एसएलआरचं 7.62×51, बूड 12 मिमी आणि लांबी 71 मिमी. म्हणजे गोळीची जाडी जवळजवळ तीच पण काडतूस दीड सेंटीमीटरने लांब, ते एकेच्या मॅगझीनमध्ये आडवं मावणारच नाही.

उलट बोअर वेगळं असून मॅगझीन एकच, अशी घराणी पण आहेत. 1952 मध्ये आलेलं .308 विंचेस्टर काडतूस घ्या (टिंबाने सुरू होणारे आकडे इंचातले), त्याच पुंगळीचं तोंड बारीक करून 1955 मध्ये .243 विंचेस्टर काढलं, नंतर 7 मिमी-08 आलं, बूड तेच आणि एकूण लांबीही जवळपास तीच, त्यामुळे बहुतेक रायफलींमध्ये नळी बदलली तरी मॅगझीन तेच चालतं. .458 सोकॉम हे काडतूस तर एम16 सारख्या 5.56 मिमी रायफलच्याच मॅगझीनमध्ये जातं, फक्त ते इतकं जाड की दोन रांगांऐवजी एकाच रांगेत बसतं आणि 30 राउंडच्या (काडतुसांच्या) मॅगझीनमध्ये साधारण 10 च मावतात.

सगळ्यात जपायची जोडी म्हणजे 5.56×45 आणि .300 ब्लॅकआउट. ब्लॅकआउटची पुंगळी 5.56 च्या घराण्यातलीच, फक्त आखूड कापून तोंड 7.62 चं केलेलं, त्यामुळे मॅगझीन, बोल्ट सगळं सामायिक, 30 च्या 30 राउंड बसतात आणि बाहेरून बघून आत काय भरलंय ते पटकन कळत नाही. आता हे मॅगझीन चुकून 5.56 च्या रायफलला लागलं आणि काडतूस चेंबरमध्ये शिरलं, तर 7.62 ची गोळी 5.56 च्या नळीत जायला बघते, दाब प्रचंड वाढतो आणि रायफल हातात फुटते. असं घडलेलं आहे. म्हणून दोन्ही वापरणारे लोक मॅगझीनला वेगळ्या रंगाचा पट्टा लावतात किंवा मॅगझीनच वेगळ्या रंगाची घेतात, आणि माझ्या मते हा नियमच असायला हवा, कारण इथे मॅगझीन बसतंय हाच खरा धोका आहे.

निमुळतेपणाचं म्हणाल तर शेंगदाण्याच्या कागदी पुड्या आठवा, टोकं एका बाजूला करून शेजारी शेजारी लावल्या की रांग आपोआप गोल वळत जाते. 7.62×39 ची पुंगळी चांगलीच निमुळती आहे म्हणून एकेचं मॅगझीन इतकं वाकडं, आणि 1974 च्या एके-74 चं 5.45×39 कमी निमुळतं म्हणून तिचं कमी वाकडं. वाक चुकला की मॅगझीनमधला प्लॅटफॉर्म (काडतुसं ज्यावर टेकतात ती पट्टी) आणि स्प्रिंग काडतुसाचं नाक योग्य कोनात वर धरत नाहीत, आणि पहिले काही राउंड गेले तरी पुढे जॅम ठरलेला.

काठाचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. थ्री नॉट थ्रीच्या, म्हणजे जुन्या ली-एनफिल्ड रायफलच्या .303 काडतुसाच्या, पुंगळीला बाहेर आलेला काठ असतो, वरच्या काडतुसाचा काठ खालच्याच्या मागे अडकला की रायफल तिथेच अडते, म्हणून भरताना वरचा काठ पुढे ठेवावा लागतो. 1962 च्या युद्धानंतर इशापूरला त्याच ली-एनफिल्डच्या रचनेवर बिनकाठाच्या 7.62×51 साठी 2ए रायफल बनवली तेव्हा नळीबरोबर मॅगझीनही बदलावं लागलं, 10 राउंडचं जाऊन 12 राउंडचं चौकोनी आलं. ब्रेन एलएमजीचंही (लाइट मशीन गन) तसंच, .303 साठी तिचं मॅगझीन चांगलं वाकडं होतं, ब्रिटिशांनी ती 7.62 मध्ये बदलून एल4 केली तेव्हा ते जवळजवळ सरळ झालं आणि एसएलआरचं 20 चं मॅगझीन पण तिला चालायला लागलं. एल4 चं 30 चं एसएलआरला बसायचं, पण एलएमजीवर मॅगझीन वरून लागतं, राउंड खाली उतरायला वजनाची मदत होते, त्यामुळे स्प्रिंग तेवढी कडक नाही, आणि एसएलआरमध्ये खालून वर ढकलताना ती कधी कधी कमी पडायची. बसणं वेगळं आणि चालणं वेगळं, ते असं.

बोअर एकच असूनही मॅगझीन न जुळणं हेही होतं. एसएलआर जिच्यावरून आली ती बेल्जियमची एफएएल रायफल मीटरच्या मापात आणि ब्रिटिश एसएलआर इंचाच्या मापात, दोन्ही 7.62×51, तरी मीटरवालं मॅगझीन इंचवाल्या रायफलमध्ये थोडं ढिलं का होईना बसतं पण उलटं बसत नाही. नाटोने 5.56 साठी सगळ्यांचं एकच मॅगझीन असावं म्हणून 1980 मध्ये स्टॅनाग 4179 हा मानक कराराचा मसुदा मांडला, तो कधी अधिकृतपणे मंजूर झाला नाही, तरी बऱ्याच देशांनी अमेरिकन एम16 रायफलचंच मॅगझीन धरलं.

ठाणे-नवी मुंबईत सामान्य माणसाचा संबंध येतो तो परवान्याच्या हत्यारापुरता, आणि परवाना दोन्हीकडे आपापल्या पोलीस आयुक्तालयातून मिळतो. 1959 च्या शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भागही हत्यारातच धरलेले आहेत, तेव्हा मॅगझीन ही कुठूनही मागवायची ॲक्सेसरी नाही. परवान्यावर मिळणाऱ्या रायफलींमध्ये .315 बोअरची स्पोर्टिंग रायफल आपल्याकडे बरीच दिसते, ती बोल्टची, मॅगझीन 5 राउंडचं, आणि तिची पुंगळी थ्री नॉट थ्रीसारखीच काठवाली.