बर्फाचा टायर आणि कोकणातला पाऊस

मे संपत आला की कोकणात आगोटीची लगबग सुरू होते. सुकी मासळी, कांदे, मीठ-मसाला, सरपण सगळं पडवीत आणि माळ्यावर चढतं. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकल्या जातात. गाडीचे टायर मात्र या तयारीत कुणाच्या लक्षात येत नाहीत. गेली काही वर्षं गणपतीला गावी येणाऱ्यांमध्ये स्पोर्ट्स कार घेऊन येणारेही दिसू लागले आहेत. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी मला एकच प्रश्न विचारला: परदेशात विंटर टायर ओल्या रस्त्यावर छान धरतात म्हणे, मग आपल्या पावसाला तेच बसवू का?

उत्तर ‘नको’ असं आहे. पण ते का, हे समजायला विंटर टायर कुठून आला तिथपासून सुरुवात करावी लागते.

तो आला फिनलंडमधून. आज नोकियन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या कारखान्याने १९३४ साली बर्फातून जाणाऱ्या ट्रकसाठी खास टायर बनवला आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आणला. तेव्हा सगळा भर खोल, जाड नक्षीवर होता. बर्फात रुतावं आणि बर्फ मागे फेकावा, एवढीच अपेक्षा. पुढे १९६० च्या दशकात टायरमध्ये लोखंडी खिळे आले. त्यांच्यामुळे रस्तेच उखडायला लागले, म्हणून जर्मनीने १९७५ साली खिळ्यांवर बंदी घातली. मग खिळ्यांचं काम रबराकडूनच करून घेणं भाग पडलं. रबर थंडीत कडक होतं, आणि कडक झालेलं रबर रस्त्याच्या खडबडीत पृष्ठभागात बसत नाही. म्हणून विंटर टायरचं रबर असं केलं की ते गोठणबिंदूखालीही मऊ राहावं, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडल्या. या चिरांना इंग्रजीत साइप म्हणतात, १९२३ साली त्यांचं पेटंट मिळवणाऱ्या जॉन साइपच्या नावावरून.

युरोपात ढोबळ नियम ७ अंशांचा आहे. तापमान त्याच्या खाली गेलं की विंटर टायर. आपल्याकडे जुलैच्या भर पावसातही पारा पंचविशीच्या आसपास असतो. दापोलीतली पौषातली पहाट धरली, तरी त्या दिवशी दुपारी रस्ता तापलेलाच असतो. अशा डांबरावर विंटर टायरचं मऊ रबर भराभर झिजतं. बारीक चिरांमुळे नक्षीचे ठोकळे वळणावर डगमगतात, ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. घाटात स्पोर्ट्स कारच्या स्टिअरिंगचा जो नेमकेपणा असतो, तोच पहिल्यांदा जातो.

गोंधळ खरा शब्दाचा आहे. आपण ‘समर टायर’ ऐकतो आणि मनात उन्हाळ्याचा टायर असं भाषांतर करतो. मग पावसासाठी काहीतरी वेगळं हवं असं वाटू लागतं. युरोपात समर टायर म्हणजे थंडी नसतानाचा टायर, आणि त्यात पाऊस धरलेला असतो. तिथल्या टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी २०१२ पासून छापील लेबलावर द्यावी लागते, ती समर टायरलाही लागू आहे. टायरच्या हिशेबात आपला अख्खा पावसाळा उन्हाळ्यातच मोडतो. आपल्याला शोधायचा आहे तो पाणी उपसणारा समर टायर.

पाण्याचा इतिहास बर्फाच्या इतिहासापासून वेगळा चालला. हवा भरलेल्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसनने १८४५ सालीच घेतलं होतं आणि १८८८ मध्ये डनलॉपने तो सायकलला बसवून रूढ केला. सुरुवातीचे टायर गुळगुळीतच असत. नक्षी आली, पण पाण्यावर टायर नेमका का घसरतो याचं गणित मांडलं ते विमानांमुळे. ओल्या धावपट्टीवर विमानं ब्रेक लागत नसल्यासारखी पुढे जात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नासा’च्या संशोधकांनी दाखवून दिलं की एका ठरावीक वेगानंतर चाकापुढचं पाणी बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. त्याची पाचर चाकाखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं. हा वेग मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतो, आणि त्याचं सूत्रही त्यांनी दिलं. ते सूत्र झिजलेल्या टायरला लावलं तर ३२ पाऊंड हवेला ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतात आणि २४ पाऊंडाला सुमारे ८२. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. चिखलात रुतलेल्या जीपसाठी ती ठीक, पाणी साचलेल्या हायवेवर ती उलटी पडते.

शर्यतीच्या गाड्यांनी दुसरा धडा दिला. फॉर्म्युला वनमध्ये १९७१ साली स्लिक आले. कोरड्या रस्त्यावर नक्षी म्हणजे वाया गेलेली जागा, म्हणून पूर्ण गोटा टायर. पाऊस आला की तेच चाक निरुपयोगी, मग खोल चरांचा वेगळा टायर चढवायचा. आताचा पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो असं तो बनवणारी पिरेली सांगते. ट्रॅकसाठी बनवलेले जे टायर काही स्पोर्ट्स कारना मुळातच बसवून येतात ते या स्लिकचे जवळचे नातलग असतात. उथळ चर, बाहेरच्या बाजूला जवळजवळ सपाट. ते घालून श्रावणात परशुराम घाटात येऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

रस्त्यावरच्या टायरसाठी दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. गुडइयरने १९९१ मध्ये मधोमध रुंद खोल चर असलेला ‘अ‍ॅक्वाट्रेड’ आणला, आणि १९९२ पासून मिशेलिनने रबरात काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका घालायला सुरुवात केली. चर पाणी काढतात. पण पाण्याचा शेवटचा पातळ थर उरतो, तिथे पकड देतं ते सिलिकाचं रबर.

कोकणात ही दोन्ही कामं वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. आंबोलीत वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्या घाटात तरंगण्याइतका वेगच नसतो. तिथे वळणावर वाहून आलेली जांभ्याची तांबडी माती आणि सावलीतलं शेवाळ असतं, आणि सगळी भिस्त रबरावर असते. तरंगण्याचा धोका सपाटीला आहे. जुन्या दोनपदरी मुंबई-गोवा रस्त्यावर खड्डे, ट्रक आणि एसटी यांच्यामुळे ऐंशी गाठणंच कठीण होतं. २०११ नंतर चौपदरीकरण सुरू झालं. आता मोकळ्या काँक्रीटवर गाडी शंभराला सहज पोचते आणि जिथे काँक्रीट संपून वळणरस्ता लागतो तिथे पाणी साचलेलं असतं. संगमेश्वरच्या अलीकडे अशाच एका जागी माझ्या आतेभावाच्या गाडीचं स्टिअरिंग दोन क्षण हलकं झालं होतं. टायर कायद्याने बाद नव्हते, चर तीन मिलिमीटर शिल्लक होते. कायद्याची मर्यादा १.६ आहे. नव्या टायरचे चर साधारण सात-आठ मिलिमीटर असतात आणि तीनच्या खाली पावसातली पकड झपाट्याने घटते.

स्पोर्ट्स कारला हे जास्त जाचतं. पोर्शे ९११ च्या काही मॉडेलांचं मागचं चाक ३०५ मिलिमीटर रुंद असतं, साध्या हॅचबॅकचं १६५-१८५. रुंद चाकासमोर पाणी जास्त येतं आणि वजन मोठ्या जागेवर पसरतं.

अशा गाड्या वर्षाला तीन-चार हजार किलोमीटरच चालतात, म्हणून नक्षी खोल दिसते आणि मालक निर्धास्त राहतो. तोवर उन्हाने रबर कडक झालेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही उरली असो, पावसासाठी तो टायर मी धरत नाही.

नवे घेतले तरी साच्यातून सुटताना लावलेल्या द्रव्याचा थर वर असतो, तो जायला तीनशेएक किलोमीटर लागतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टायर बदलून रात्री निघणारे बरेच असतात. ते काम मेमध्ये, रस्ता कोरडा असताना करावं.