पार्श्वभूमी : वृद्ध मनोरुग्णाचं पडणं आणि पलंगाचं रेलिंग

नागपुरातलं मनोरुग्णालय १८६४ सालचं. मानसिक आजारांविषयीच्या १९१२ आणि १९८७ च्या कायद्यांचा भर रुग्णाला दाखल कसं करायचं आणि सोडायचं कधी यावर होता. पडू नये म्हणून म्हाताऱ्या माणसाला पलंगाला बांधणं त्या काळात काळजीतच मोडे. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरचं औषध आलं, दोर सैल झाला. पण अशा औषधांनी उठताना रक्तदाब उतरतो, अंग आखडतं, पाऊल उचलत नाही.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला. साखळी पूर्ण बंद. इतर शारीरिक बंधन तातडीची इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, प्रभारी मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनेच. माणसं कमी आहेत, हे कारण चालत नाही.

घोळ उरला तो रेलिंगचा. ते बंधन की सोय? झोपेत कूस बदलताना गडगडणारा, पण रेलिंग स्वतः खाली करू शकणारा रुग्ण असेल तर सोय. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना मात्र रात्री लघवीला जायचं असतं. ते रेलिंगवर चढतात आणि पलंगाच्या नव्हे, रेलिंगच्या उंचीवरून पडतात, खुबा मोडतो. नोंदवहीत दोघांपुढे ‘रेलिंग लावले’ एवढंच. दुसऱ्या रुग्णासाठी ते बंधनच आहे आणि नोंदही तशीच व्हायला हवी. त्यांना हवा कडेला बसल्यावर तळवे जमिनीला टेकतील इतका बुटका पलंग, आणि झोपण्यापूर्वी व पहाटे शौचालयापर्यंत सोबत.

इतर वॉर्डांतले उपाय इथे जसेच्या तसे चालत नाहीत. शौचालयातल्या आधाराच्या दांड्याला गळफासाचा धोका, म्हणून दांडा आणि भिंत यांतली फट बुजवावी लागते. त्याच भीतीने पायजम्याची नाडी काढतात, मग पायजमा घसरून पायांत अडकतो. इलॅस्टिक घालावं, लांबी घोट्याच्या वर ठेवावी. रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर १ व ३ मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर औषधांचा फेरविचार हवा.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा कूलरखालची ओली फरशी डोळ्यांना दिसते, लिथियम हे मनःस्थितीच्या चढउतारांवरचं औषध दिसत नाही. घाम जास्त, पाणी कमी, की रक्तातली त्याची पातळी चढते. हात जोरात थरथरतात, तोल जातो. ही डगमगती चाल वयावर ढकलली जाते. लिथियमवरचा रुग्ण अचानक डगमगू लागला तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना कळवायचं आणि पातळी तपासायची.