तळघराला घाम फुटलाय की पाणी मुरतंय?

मृग बरसला की बेळगावातल्या तळघरांत एकच तक्रार सुरू होते. साड्यांचे पुठ्ठ्याचे खोके खालून मऊ पडतात, रॅकच्या पायांना तांबेरा धरतो, शटर उघडलं की कुबट वास नाकात शिरतो. मग कोणीतरी सांगतं, "डिह्युमिडिफायर घ्या की हो, सगळं कोरडं होतंय." हवेतली वाफ खेचून घेणारं हे मशिन. कोरडं होतं खरं, पण ओल हवेतून आली असेल तरच. भिंतीतून येत असेल तर मशिनचे पैसे आणि वर विजेचं बिल, दोन्ही अंगावर पडतात.

दिसायला दोन्ही ओली सारख्याच. भिंत काळवंडते, हात लावला की गार आणि चिकट लागतं. उगम मात्र पूर्ण वेगळा.

पहिली ओल म्हणजे हवेतली वाफ. जमिनीखालच्या भिंतीचं तापमान फारसं हलत नाही. बेळगावात ते वर्षाच्या सरासरीइतकं, म्हणजे २४ अंशांच्या आसपास धरायला हरकत नाही. वळीव पडून गेल्यावर किंवा जूनच्या सुरुवातीला बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तिच्यातली वाफ साधारण २६ अंशांवरच पाणी होऊ लागते. ही हवा जिन्यावरून खाली उतरली की २४ अंशांच्या भिंतीवर थेंब धरणारच. आधी घाम फुटतो तो लोखंडी पाइपला, पाण्याच्या टाकीला आणि फरशीला. बुरशी धरते ती कपाटामागे, कोपऱ्यात, जिथे वारं फिरत नाही तिथे.

दुसरी ओल म्हणजे जमिनीतलं पाणी. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जांभा भरपूर, आणि जांभा सच्छिद्र. जुलै-ऑगस्टच्या झडीत विहिरी वर येतात तसं तळघराभोवतालच्या मातीतही पाणी चढतं आणि भिंतीवर बाहेरून दाब देतं. जिथे फट सापडेल तिथून ते आत येतं, बहुतेक वेळा भिंत आणि फरशी जुळते त्या सांध्यातून. याची खूण म्हणजे पांढरा खार. पाणी भिंतीतले क्षार घेऊन येतं, पृष्ठभागावर सुकतं आणि क्षार मागे ठेवतं. रंगाचे पोपडे सुटतात, गिलावा बोटाने खरवडला तरी भुगा होतो. घामाच्या भिंतीवर सहसा असा खार येत नाही.

वेळेवरूनही अंदाज येतो. ऐन जुलैत बाहेरची हवा २२ अंशांवर आलेली असते, भिंत तिच्यापेक्षा उबदार, त्यामुळे थेंब धरण्याचं कारण उरत नाही. हवा दमट असते, बुरशीला तेवढं पुरतं, पण भिंतीवरून ओघळ येत नाही. ओघळ दिसला, आणि पाऊस उघडल्यावरही आठ-दहा दिवस तो थांबला नाही, तर पाणी मातीतून येतंय.

तरी खात्री करून घ्यायचीच असेल तर हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा संशयित भिंतीवर लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. भिंतीचा तेवढा भाग आधी फडक्याने पुसून घ्या, नाहीतर निकाल फसवा येतो. दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला थेंब असतील तर घाम. आतल्या बाजूला, भिंतीकडे, ओल असेल तर झिरप. दोन्हीकडे असेल तर दोन्ही, आणि असंही बऱ्याचदा असतं.

घाम असेल तर मशिन उत्तम काम करतं. आतल्या गार कॉइलवर वाफ धरते, टाकीत पडते आणि हवा किंचित गरम होऊन बाहेर येते. आर्द्रता ५५ टक्क्यांवर लावा. ६० च्या खाली राहिली की बुरशीला वाढायला अवघड जातं. ४० वर लावणं म्हणजे कॉम्प्रेसरला विश्रांतीच न देणं. मशिनच्या खोक्यावर लिहिलेले दिवसाचे २० लिटर अनेकदा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात, आपल्या तळघरात त्याच्या निम्मे मिळाले तरी वाईट नाही. ३०० वॉटचं मशिन दहा तास चाललं तर तीन युनिट. आणि शटर बंद ठेवा! "हवा खेळू दे" म्हणून एक्झॉस्ट फॅन लावणारे पावसाळ्यात बाहेरची दमट हवाच आत ओढून घेत असतात. टाकी हाताने ओतायची असेल तर रविवारी दुकान बंद असताना ती भरते आणि मशिन थांबतं. तळघरातून गटारीपर्यंत पाणी आपोआप चढत नाही, त्यामुळे नळी लावायची असली तर छोटा पंपही धरा.

सुरुवातीला टाकी भराभर भरेल, कारण खोके, कापड, लाकूड सगळ्यांनी पाणी पिलेलं असतं. मग ते कमी व्हायला हवं. शटर बंद असूनही आठवड्यांमागून आठवडे टाकी तशीच भरत राहिली तर भिंत बोलतेय असं समजा.

झिरपणाऱ्या भिंतीपुढे मशिन लावणं म्हणजे विहिरीचा झरा चालू ठेवून तांब्याने पाणी उपसणं. शिवाय नुकसान वेगळंच: हवा कोरडी झाली की भिंत पाणी आणखी जोरात ओढते, खार जास्त जमतो आणि गिलावा लवकर सुटतो. आतून वॉटरप्रूफ रंग मारण्याचा तर मला राग येतो. मागून दाब असताना तो रंग फुगे धरून पडतो. काम बाहेरून करायला हवं. गच्चीचे पाइप भिंतीच्या पायाशी सुटत असतील तर लांब न्या, अंगणाचा उतार घरापासून दूर करा, तुंबलेली गटार मोकळी करा. खर्च कमी, फरक मोठा. तेवढ्याने नाही भागलं तर बाहेरून खणून लेप, किंवा आत खड्डा घेऊन पंप.

दोन्ही असतील तर आधी झिरप थांबवा, मग मशिन. भिंतीत मुरलेलं पाणी निघायला महिने लागतात. तोवर मशिन ६० वर लावा, रॅक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आणि गणपतीला किंवा दिवाळीला रंग द्यायचाच, असा घरच्यांचा हट्ट असेल तर तळघराचा रंग पुढच्या उन्हाळ्यावर ढकला.