चेन, चॅन, टॅन, त्रान: बुडालेल्या राज्याचं आडनाव

शाळेच्या इतिहासात भेटलेला ह्युएन त्संग घरचा चेन. लोयांगजवळ इ.स. 602 च्या सुमारास जन्मलेल्या या मुलाचं नाव चेन यी. ह्युएन त्संग हे दीक्षेनंतरचं. पुढे तो पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथली माणसं उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत, असं लिहून ठेवलं.

आडनाव त्याच्याहून कितीतरी जुनं. इ.स.पू. अकराव्या शतकात चौ घराण्याच्या वू राजाने शांग घराणं उलथवलं आणि पुराणातल्या शुन राजाचा वंशज मानल्या गेलेल्या गुई मानला आजच्या हनान प्रांतातल्या ह्वाययांगची जहागीर दिली, वर मुलगीही दिली. हे चेन राज्य. पुढे इ.स.पू. 478 च्या सुमारास बलाढ्य चू राज्याने ते गिळलं. गादी गेली, पण तिथल्यांनी आडनाव म्हणून ‘चेन’ लावलं ते कायमचं.

हान काळात याच आडनावाचा चेन शी हा अधिकारी होऊन गेला. एका रात्री घराच्या तुळईवर चोर दडलेला त्याने पाहिला. आरडाओरडा न करता मुलानातवांना उठवून समोर बसवलं आणि म्हणाला, माणूस जन्माने वाईट नसतो, सवयीने होतो. हे तुळईवरचे सद्गृहस्थच बघा. चोर घाबरून खाली उतरला, पाया पडला, आणि जाताना रेशमाचे दोन तागे घेऊन गेला. दिले अर्थात चेन शीनेच! चिनीत चोराला आजही ‘तुळईवरचा सद्गृहस्थ’ म्हणतात. चेन शी यिंगच्वान भागातला, म्हणून परदेशातल्या चेन मंडळींच्या कुलमंदिरांवरही ‘यिंगच्वान’ अशी अक्षरं दिसतात. ह्युएन त्संगचं घराणंही स्वतःला त्याचंच वंशज म्हणवे.

इ.स. 557 मध्ये चेन बाश्यान नावाचा सेनापती दक्षिण चीनच्या गादीवर बसला आणि राजघराण्याला स्वतःचंच आडनाव दिलं. चीनच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण नाही. ते राज्य टिकलं मात्र जेमतेम 32 वर्षं.

खरा पसारा वाढला तो फुच्यान आणि ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावरून. बोली बदलली तसा उच्चार बदलला: कॅन्टनीजमध्ये चॅन, होक्क्येनमध्ये टॅन, व्हिएतनाममध्ये त्रान. तैवान आणि सिंगापूर दोन्हीकडे आज हेच सर्वांत मोठं आडनाव. व्हिएतनामवर 1225 ते 1400 राज्य करणाऱ्या त्रान घराण्याचे पूर्वज फुच्यानचे कोळी होते, असं मानतात. त्याच घराण्यातल्या त्रान हंग दाओने 1288 मध्ये बाक डांग नदीच्या तळाशी खुंट रोवून मंगोल आरमार फोडलं. सिंगापुरात रबराच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या टॅन का कीने 1921 मध्ये श्यामेन विद्यापीठ काढलं आणि 1937 मध्ये ते सरकारकडे जाईपर्यंत त्याचा खर्च उचलला. त्याच 1921 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला, त्याचा पहिला प्रमुख चेन दूश्यू. भूमितीतला मोठा गणिती ‘चर्न’ हाही चेनच. रोमन लिपीत लिहिण्याच्या एका वेगळ्या पद्धतीमुळे आपण त्याला ओळखत नाही, एवढंच.

या यादीतला जगात सर्वांत गाजलेला माणूस मात्र रक्ताने चेन नाहीच. जॅकी चॅनचे वडील मूळचे फांग. यादवी युद्धाच्या धामधुमीत चीन सोडून हाँगकाँगला आले आणि ओळख लपवण्यासाठी त्यांनी चॅन आडनाव घेतलं. मुलाला हे कळलं तो चांगला मोठा झाल्यावर.