४० लाखांपर्यंत जीएसटी नाही, असं ऐकलंय? अर्धंच ऐकलंय

"वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नंबर घ्यायची गरजच नाही" हे वाक्य २०१९ पासून फिरतंय आणि मसालेवाल्यापासून ब्युटी पार्लरपर्यंत सगळे तेच धरून बसलेत. मुळात ही ४० लाखांची सूट फक्त मालच विकणाऱ्यांना आहे, महाराष्ट्र आणि गोव्यात सर्व्हिसवाल्यांची मर्यादा २० लाखच. म्हणजे पार्लर, डिझायनर, क्लासवाले सगळे २० मध्ये, आणि मोबाईल विकतो प्लस रिपेअरिंगही करतो तोसुद्धा २० मध्येच. आइस्क्रीम, पान मसाला, तंबाखूवाल्यांनाही ४० ची सूट नाही.

दुसरा घोळ म्हणजे लोक नफा मोजतात. अहो, नफा नाही, विक्री! तीसुद्धा एका पॅनवरची देशभरातली सगळी, त्यात करमाफ मालाची विक्रीही धरायची, म्हणजे डेअरीवाल्याने तूप २५ लाखांचं आणि सुटं दूध १८ लाखांचं विकलं तर झाले ना ४३! हां, फक्त करमाफच माल विकत असाल तर नोंदणी लागत नाही.

आणि खरी गोची बॉर्डरवर. सिंधुदुर्गातल्या बांद्याहून मालवणी मसाल्याची दहा पाकिटं गोव्यातल्या म्हापशाच्या दुकानदाराला पाठवली की राज्याबाहेरची मालविक्री झाली, मग वर्षाची विक्री २ लाख असो, नोंदणी घ्यावीच लागते. सर्व्हिसला मात्र हे लागू नाही, पुण्यात बसून बेंगळुरूच्या क्लायंटचा लोगो केला तरी २० लाखांपर्यंत निवांत. मर्यादा ओलांडली की ३० दिवसांत अर्ज करायचा, मार्च एंडची वाट बघत बसायचं नाही.