रंगाआडची हालचाल: ज्वालामुखीच्या मैदानांवरच्या माळमातीची पार्श्वभूमी

कोरड्या हंगामाच्या शेवटी लाव्ह्याच्या मैदानावरच्या काळ्या मातीत जा आणि एखादी सरळ काठी भेगेत सोडा. ती हातभर आत जाते, कधी कंबरेइतकी. पाऊस होऊन गेल्यावर तीच भेग शोधायला गेलात तर सापडत नाही. माती फुगून मिटलेली असते आणि पावलागणिक पायाला चिखलाचा गोळा चढतो. तिथलं गवत, झाडं, चरणारी जनावरं यांचं सगळं वेळापत्रक या उघडमिटीवर चालतं. असं असूनही या मातीचा अभ्यास करणाऱ्यांनी शंभरेक वर्षं तिचा रंगच पाहिला, तिच्या हालचालीकडे लक्ष फार उशिरा गेलं. माळरानांना हा उशीर भोवला, असं मला वाटतं.

जुन्या नावांवरूनच ही नजर कळते. दक्षिण भारतात रेगुर, मोरोक्कोत तिर्स, इंग्रजी अमलातल्या कागदपत्रांत 'काळी कापसाची माती'. रंग तरी सांगायचा, नाहीतर पीक. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमधून आलेला 'गिलगाई' हा शब्द मात्र वेगळा आहे. त्याचा अर्थ लहानसा पाणवठा. अशा जमिनीत दर काही पावलांवर एक उंचवटा आणि एक खळगा असतो. कुणी खणलेला नाही, मातीनेच फुगून-आकसून केलेला. खळग्यात पाणी साचतं, पाणथळीतल्या वनस्पती येतात. उंचवट्यावर खालून वर ढकलले गेलेले चुनखडीचे खडे दिसतात आणि तिथलं गवतही निराळं असतं.

एकोणिसाव्या शतकात वाद होता तो उगमाचा. दक्षिण भारतातल्या दगडमातीचा अभ्यास करणाऱ्या कॅप्टन न्यूबोल्डने १८४०च्या दशकात रेगुरवर लिहिलं, तेव्हा त्याचा कल ही माती पाण्याने आणून बसवलेली आहे याकडे होता. इतरांचं म्हणणं होतं की खालचा काळा दगड जागच्या जागी झिजून ती झाली. वाद मिटत नव्हता याचं कारण साधं होतं: तशीच माती नदीच्या गाळावर आणि दक्षिणेत लाव्हा नसलेल्या खडकांवरही सापडत होती. त्यात १८८३मध्ये रशियात मृदाशास्त्रज्ञ डोकुचाएव्ह यांचा चेर्नोझेमवरचा, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानांवरच्या काळ्या मातीवरचा, ग्रंथ आला. माती काळी म्हणजे त्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा अंश, म्हणजे ह्यूमस, भरपूर, हे समीकरण रुजलं. इथे ते लागू पडत नाही. उष्ण प्रदेशातल्या काळ्या चिकणमातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक वेळा एक टक्क्याच्या आतच असतो. तो थोडासा अंश चिकणकणांना इतका घट्ट बिलगलेला असतो की सगळी माती काळी दिसते.

खरं उत्तर दगडात आणि जमिनीच्या सपाटपणात होतं. वाळू म्हणजे मुख्यतः न झिजणारा क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, आणि लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्ट या काळ्या दगडात तो जवळपास नसतोच. त्यामुळे हा दगड झिजला की मागे वाळू उरत नाही, जवळजवळ सगळ्याची बारीक माती होते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह आणि सिलिका सुटतात. उतार आणि मुबलक पाऊस असला की यातलं बरंचसं वाहून जातं आणि तांबडी माती किंवा जांभा उरतो. जमीन सपाट असली, पावसाळ्यात पाणी रेंगाळलं आणि मग लांब कोरड्या हंगामात आटलं, तर सिलिका आणि मॅग्नेशियम तिथेच राहतात आणि त्यांच्यातून स्मेक्टाइट नावाची फुगणारी चिकणमाती जमते. दख्खनच्या लाव्ह्यावर दोन्ही गोष्टी शेजारी दिसतात: सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा, पूर्वेच्या सपाटीवर काळी माती.

लाव्ह्याच्या वयाला मात्र यात वाटतं तितकं महत्त्व नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, इथिओपियाच्या पठाराचा सुमारे ३ कोटी, अमेरिकेतल्या कोलंबिया पठाराचा बराचसा १.६ कोटींच्या आसपासचा. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियाच्या मैदानावर गेल्या ४५ लाख वर्षांत थर साचत गेले. सपाटी आणि ओल्या-कोरड्या हंगामांची आलटापालट मिळाली की या सगळ्या ठिकाणी तीच भेगाळणारी माती भेटते. अगदी ताज्या प्रवाहांवर मात्र अजून नुसते धोंडेच आहेत.

स्मेक्टाइटच्या कुळातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाला फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून नाव मिळालं ते १८४७मध्ये. पण मातीतली चिकण ही स्फटिकांची बनलेली असते, हे क्ष-किरणांनी दाखवायला १९३० उजाडावं लागलं. १९३३मध्ये हॉफमान, एंडेल आणि विल्म यांनी मॉन्टमोरिलोनाइटची रचना मांडली: एकावर एक रचलेले अतिसूक्ष्म पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये शिरणारं, निघणारं पाणी. पापुद्र्यांमधल्या जागाही धरल्या तर अशा एक ग्रॅम चिकणमातीचं पृष्ठफळ ७०० चौरस मीटरांच्या वर जातं. भेगांचं रहस्य तिथे उलगडलं.

पुढची पायरी नावाची. १९५०च्या सुमारास ओक्स आणि थॉर्प या अमेरिकी मृदाशास्त्रज्ञांनी या सगळ्या काळ्या मातींना एका छत्राखाली आणून 'ग्रुमुसॉल' म्हटलं. १९६०मध्ये अमेरिकी वर्गीकरणात 'व्हर्टिसॉल' आलं, लॅटिनमधल्या 'उलटणे' या क्रियापदावरून. आता निकषात रंग नव्हता. किमान ३० टक्के चिकण, ठरावीक काळात उघडणाऱ्या-मिटणाऱ्या भेगा आणि आत घसरणीच्या खुणा, हे पाहायचं. जगात अशी माती सुमारे ३३.५ कोटी हेक्टरांवर आहे, अर्थात सगळी लाव्ह्यावरची नव्हे.

त्या घसरणीच्या खुणा एकदा तरी बघाव्यात. पुरुषभर खोल खड्डा घेऊन त्याच्या भिंतीतला एखादा ढेकूळ काढला तर तो पाचरीसारखा निघतो, आणि त्याची तिरपी बाजू घासून चकाकी आणल्यासारखी गुळगुळीत असते. बोट फिरवलं तर बारीक समांतर चरे लागतात. फुगलेल्या मातीला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून तिचे तुकडे तिरपे घसरत वर चढतात आणि एकमेकांना घासून काढतात. वरचा भुगा भेगेत पडतो आणि माती हळूहळू स्वतःलाच उलथते, या कल्पनेवरून 'व्हर्टिसॉल' हे नाव पडलं. मात्र कर्बाचं वय मोजल्यावर खोलीबरोबर ते वाढतच जाताना दिसलं. सगळी माती घुसळून निघत असती तर तसं दिसलं नसतं. म्हणजे उलथणं आहे, पण नाव सुचवतं त्यापेक्षा कमी. खरा जोर तिरप्या घसरणीचा.

माळरानाच्या दृष्टीने आता मुद्द्याची गोष्ट. झाडाची मुळं दरवर्षी ताणली जातात, तुटतात, म्हणून या मातीवर झाडं विरळ आणि थोड्याच जातींची. केनियातल्या लाइकिपियाच्या काळ्या मातीवर वृक्षांमध्ये जवळजवळ एकट्या शिट्टी-बाभळीचं राज्य आहे. तिच्या पोकळ गाठींत मुंग्या राहतात आणि वारा आला की गाठी वाजतात. गवताचं तसं नाही. त्याची झुपकेदार मुळं तुटली तरी पुन्हा फुटतात. पण त्यालाही पाणी सहज मिळत नाही. ही माती पाणी खूप धरते आणि सोडताना हात आखडता घेते: वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास ओल असतानाही गवत कोमेजू शकतं. हलक्या सरीचं पाणी वरच्या थरातच अडकून उडून जातं, तर वाळूत तेच पाणी खोल उतरून मुळांना मिळतं. इस्रायली शास्त्रज्ञ नॉय-मेअर यांनी १९७३मध्ये हा उलटा न्याय स्पष्ट मांडला: कोरड्या प्रदेशात भारी मातीपेक्षा हलकी माती वनस्पतींना जास्त तारते. शेतकऱ्याच्या 'भारी जमीन चांगली' या हिशेबाने माळरानाकडे पाहिलं की फसगत होते ती इथे.

व्हिक्टोरियात ती कशी झाली, हे पाहण्यासारखं आहे. १८३६मध्ये टॉमस मिचेल त्या बाजूने गेला आणि त्या प्रदेशाला 'ऑस्ट्रेलिया फेलिक्स', म्हणजे भाग्यवान ऑस्ट्रेलिया, म्हणाला. पावसाने मऊ झालेल्या जमिनीत त्याच्या गाड्यांच्या चाकोऱ्या इतक्या खोल उमटल्या की मेंढ्या घेऊन आलेले लोक त्यांच्याच मागावर आत शिरले. त्या माळांवर मूळ रहिवासी स्त्रिया काठ्यांनी मर्नाँग नावाचे कंद खणत, आणि खणता खणता माती भुसभुशीत राही. मेंढ्यांनी कंद खाल्ले आणि खुरांनी ओली माती तुडवून घट्ट केली. लीपर, निकोल्स आणि वॉडॅम यांनी १९३६मध्ये माउंट जेलिब्रँड परिसरातल्या माती आणि कुरणांचा एकत्र अभ्यास छापला, तोवर शतक उलटलं होतं. या मातीत झाडांना मिळण्याजोगा फॉस्फरस कमी. देशी गवतं त्यावर निभावून नेत. सुपरफॉस्फेट हे फॉस्फरसचं खत आणि क्लोव्हर हा परका चारा आल्यावर कुरणं हिरवी झाली आणि देशी गवताळ माळ मागे हटला. २००८मध्ये ऑस्ट्रेलियाने या मैदानावरचा नैसर्गिक गवताळ प्रदेश अतिसंकटग्रस्तांच्या यादीत घातला.

अमेरिकेत विचार दुसऱ्या वाटेने आला. १९४९मध्ये कुरणांचे अभ्यासक डाइक्स्टरहाउस यांनी असा आग्रह धरला की माळाची अवस्था ठरवताना त्या जागेची माती आणि हवामान जे गवत पोसू शकतं त्याच्याशीच तुलना करायची. त्यामुळे लाव्ह्यावरच्या चिकण जमिनी शेजारच्या दुमट जमिनींपासून वेगळ्या मोजल्या जाऊ लागल्या: जनावरं कधी सोडायची, भेगा कधी मिटतात, ओल्यात खूर किती रुततात हे धरून. १८८०च्या दशकात ओरेगनात आढळलेलं मेड्युसाहेड हे परकं वार्षिक गवत पश्चिमेत पसरलं, तेव्हा याच जमिनींवर ते सर्वात घट्ट बसलं. ते शरद ऋतूतच रुजतं आणि बाकीच्यांच्या आधी ओल उचलतं. त्याच्या काडीत सिलिका इतकी असते की जनावरं तोंड लावत नाहीत आणि ती लवकर कुजतही नाही. जाड थर साचतो, त्याखाली देशी गवताचं बी उगवत नाही, आणि उन्हाळ्यात तोच थर पेटतो.